विषय कोणता आणि क्षमता कोणती?

व्यापारी घराच्या कपाटात पूर्वी दोन प्रकारचे कागद जपून ठेवले जात. एक मालमत्तेचे दस्त आणि दुसऱ्या हिशेबाच्या वह्या. आता त्यांच्या शेजारी तिसरी फाईल आली आहे, ती मुलामुलींच्या प्रमाणपत्रांची. पदवी, पदविका, तीन महिन्यांचा संगणक वर्ग, दोन दिवसांची कार्यशाळा, घरबसल्या पूर्ण केलेला ऑनलाइन अभ्यासक्रम अशी भर पडत ती जाड होत जाते. मग एखाद्या दिवशी तिच्यातील मजकूर यादीच्या रूपाने कोणीतरी मागतो. पेढीला नोकरवर्गाची माहिती एकत्र हवी असते, शिष्यवृत्ती समितीला अर्जदारांची, तर रोजगार मेळाव्याच्या कार्यकर्त्यांना उमेदवारांची. संगणकावर तक्ता तयार होतो आणि त्यात ‘कौशल्ये’ असा एक रकाना ठेवला जातो.

या रकान्यात काय काय येते ते पाहण्यासारखे असते. ‘टॅली’, ‘जीएसटी’, ‘बी.कॉम.’, ‘मार्केटिंग’, ‘संवाद’, ‘इंग्रजी’, ‘मराठी टंकलेखन ३०’, ‘आयात-निर्यातीची ओळख’, ‘बँक जुळवणी पत्रक तयार करतो’. यादी साफ करायला बसलेला मनुष्य शुद्धलेखन सुधारतो, एकाच सॉफ्टवेअरची तीन नावे एका नावाखाली आणतो आणि दुबार नोंदी काढून टाकतो. तक्ता दिसायला देखणा होतो. खरा गोंधळ मात्र तसाच राहतो, कारण त्या रकान्यात दोन भिन्न जातींच्या गोष्टी शेजारी शेजारी बसलेल्या असतात. काही नोंदी विषयांच्या आहेत, तर काही क्षमतांच्या. खतावणीत देणेकऱ्यांची आणि घेणेकऱ्यांची नावे एकाच पानावर, जमा-नावे न पाहता लिहिली, तर बेरीज येईल. परंतु त्या बेरजेला अर्थ राहणार नाही.

भेद कोठे आहे?

विषय म्हणजे शिकणाऱ्यापुढे काय ठेवले गेले त्याचे नाव. क्षमता म्हणजे शिकल्यानंतर तो काय करू शकतो त्याचे विधान. ‘घसारा’ हा विषय झाला. ‘यंत्रसामग्रीच्या खरेदीची तारीख व किंमत दिली असता वर्षअखेरचा घसारा काढून त्याची नोंद करणे’ ही क्षमता झाली. विषय बहुधा नामाने सांगितला जातो. क्षमता सांगण्यासाठी क्रियापद लागते आणि त्या क्रियेमागे करणारा मनुष्य उभा असतो. विषय पुस्तकाचा असतो, वर्गाचा असतो, अभ्यासक्रमाचा असतो. क्षमता नेहमी कोणाची तरी असते.

हा भेद घरातल्या घरात पाहता येतो. बालभारतीचे शालेय पुस्तक उघडावे. अनुक्रमणिकेत घटकांची नावे असतात. ते विषय होत. त्याच पुस्तकाच्या प्रारंभी अनेक इयत्तांत ‘अध्ययन निष्पत्ती’ या मथळ्याचा तक्ता छापलेला असतो. त्यात विद्यार्थ्याला काय करता आले पाहिजे हे वाक्यांनी सांगितलेले असते. एकाच पुस्तकात एक पान शिक्षकाने काय शिकवायचे ते सांगते, तर दुसरे पान विद्यार्थ्यापाशी काय उरले पाहिजे ते सांगते. मुलांच्या अभ्यासाची चौकशी करताना पालक बहुतेक वेळा पहिल्याच पानावर थांबतात. ‘कोणता धडा चालू आहे?’ असे ते विचारतात. ‘त्यातले काय करता येऊ लागले?’ हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

महाराष्ट्रातील जुन्या पिढीला क्षमतेच्या प्रमाणपत्राचा एक उत्तम नमुना परिचित आहे. तो म्हणजे टंकलेखनाचे शासकीय प्रमाणपत्र. मराठी ३० शब्द प्रतिमिनिट, इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट, हे आकडे लिपिकाच्या सरकारी जाहिरातींत अजूनही छापले जातात. या छोट्याशा नोंदीत किती गोष्टी आल्या आहेत पाहा. कृती कोणती, ते आले आहे. कोणत्या भाषेत, ते आले आहे. किती वेगाने, तेही आले आहे. आणि परीक्षार्थीने परीक्षकांसमोर प्रत्यक्ष टंकलेखन केले होते, हे परीक्षेच्या स्वरूपातूनच कळते. टंकलेखनाचा इतिहास किंवा यंत्राच्या भागांची नावे विचारून ते प्रमाणपत्र कोणाला दिले गेले नाही. उलट ‘संगणक अभ्यासक्रम पूर्ण’ एवढीच नोंद असली, तर धारकाला पत्र टंकित करता येते की नाही, हे त्या कागदावरून सांगता येत नाही.

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ रॉबर्ट मेगर यांनी १९६२ साली शैक्षणिक उद्दिष्टांवर एक छोटे पुस्तक लिहिले. नीट मांडलेल्या उद्दिष्टाची त्यांनी तीन अंगे सांगितली: शिकणारा काय करील, कोणत्या परिस्थितीत करील आणि किती चांगले केले म्हणजे ते पुरेसे मानायचे. ‘मराठी टंकलेखन ३०’ ही नोंद या तिन्ही अंगांच्या कसोटीला उतरते. ‘मार्केटिंग’ ही नोंद तिन्हींत नापास होते. याचा अर्थ ती खोटी आहे असा नव्हे. ती विषयाची नोंद आहे आणि चुकून क्षमतेच्या रकान्यात जाऊन बसली आहे.

इतरांनी हे कसे सोडवले?

प्रमाणपत्रांचा ढीग ही केवळ आपल्याकडची अडचण नाही. अमेरिकेत ‘क्रेडेन्शियल इंजिन’ नावाची ना-नफा संस्था त्या देशातील पदव्या, परवाने, प्रमाणपत्रे आणि डिजिटल बॅज यांची मोजदाद करते. तिच्या २०२२ च्या अहवालात ही संख्या १०,७६,३५८ भरली. एवढ्या गर्दीत कोणते प्रमाणपत्र कशाचे, हे यंत्राला कळावे म्हणून तिने नोंदींची एक समान भाषा ठरवली. त्या भाषेत अभ्यासक्रमाचा विषय सांगण्याची जागा वेगळी आहे, तो काय करायला शिकवतो हे सांगण्याची वेगळी आणि कशाची तपासणी करतो हे सांगण्याची आणखी वेगळी. म्हणजे ‘विषय’, ‘शिकवतो’ आणि ‘तपासतो’ असे तीन निराळे रकाने आहेत. शिकवले गेले म्हणून तपासले गेलेच, असे तेथे गृहीत धरलेले नाही.

युरोपीय आयोगाने ‘एस्को’ या नावाने व्यवसाय व कौशल्यांची बहुभाषी सूची केली आहे. तिच्या २०२४ च्या आवृत्तीत सुमारे १३,९०० नोंदी कौशल्यांच्या बाजूला आहेत. त्यांतील प्रत्येक नोंदीवर ती ‘ज्ञान’ आहे की ‘कौशल्य’, अशी खूण केलेली असते. शब्द सारखा दिसला तरी खूण पाहिल्यावाचून पुढे जायचे नाही, ही त्यामागची शिस्त होय.

भारतातही ही विभागणी अधिकृतपणे झालेली आहे, मात्र ती फारशी वाचली जात नाही. २७ डिसेंबर २०१३ रोजी राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा अधिसूचित झाला. त्याखाली किरकोळ विक्री, रत्ने व दागिने, वस्त्रोद्योग अशा क्षेत्रांसाठी व्यवसाय मानके तयार झाली. अशा मानकाचा कागद उघडला की त्यात दोन निराळे भाग दिसतात. एका भागात काम करणाऱ्या व्यक्तीला काय करता आले पाहिजे ते सांगितलेले असते. दुसऱ्या भागात तिला काय माहीत असले आणि समजले पाहिजे ते असते. दागिन्यांच्या दुकानातील विक्रेत्याला हॉलमार्कची माहिती असणे हा दुसऱ्या भागाचा विषय. ग्राहकासमोर दागिना तोलून, घडणावळ आणि कर धरून बिल समजावून सांगणे हा पहिल्या भागाचा. दोन्ही हवेत, पण एकाची नोंद दुसऱ्याच्या जागी चालत नाही.

येथे विषयाला कमी लेखण्याचे कारण नाही. पुढील शिक्षणाच्या प्रवेशाला विषयच पाहिले जातात. एम.कॉम.ला जाणाऱ्याने पदवीला काय वाचले, हे विद्यापीठाला विषयांवरूनच कळते. शेकडो नोंदींतून हवे ते शोधण्यासाठीही विषयाचे नाव हाच पहिला धागा असतो. विषय पुसून टाकणे हा उपाय नव्हे. त्याला त्याच्या रकान्यात बसवणे हा उपाय आहे.

क्रियापदाचा मोह

भेद एकदा लक्षात आला की साफसफाई करणारा हुशार मनुष्य एक सोपी युक्ती काढतो. नाम दिसले की तो त्याला क्रियापद जोडतो. ‘जीएसटी’चे ‘जीएसटी विवरणपत्रे भरता येतात’ असे होते, ‘निर्यात’चे ‘निर्यात हाताळता येते’ असे होते. रकाना आता क्षमतांनी भरलेला दिसतो. वास्तविक येथे साफसफाई झालीच नाही. उमेदवाराने जे सांगितले नव्हते, संस्थेने जे तपासले नव्हते, ते यादी करणाऱ्याने पदरचे लिहिले. व्हाउचरशिवाय जमा नोंद घालणे आणि हे करणे यांत काडीचाही फरक नाही. बँकेत अशी नोंद सापडली, तर ती करणाऱ्याचा हेतू चांगला होता एवढ्यावर प्रकरण मिटत नाही.

क्रियापद हे क्षमतेचे लक्षण आहे, पण पुरावा नाही. शिवाय सगळी क्रियापदे सारख्या मोलाची नसतात. ‘समजतो’, ‘जाणतो’, ‘परिचित आहे’ ही क्रियापदे विषयाला नेसवलेली वस्त्रे आहेत. ती काढली की खाली पुन्हा नामच उरते. ‘जुळवतो’, ‘मोजतो’, ‘भरतो’, ‘तपासतो’, ‘दुरुस्त करतो’ ही क्रियापदे निराळी. त्यांतून काहीतरी निष्पन्न होते आणि ते दुसऱ्याला पाहता येते.

शिक्षणशास्त्रालाही हा धडा शिकायला वेळ लागला. बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ साली शैक्षणिक उद्दिष्टांचे जे प्रसिद्ध वर्गीकरण मांडले, त्यातील पायऱ्यांची नावे ज्ञान, आकलन, उपयोजन अशी नामे होती. २००१ साली अँडरसन आणि क्रॅथवोल यांच्या संपादनाखाली त्याची सुधारणा झाली, तेव्हा पायऱ्यांना क्रियापदांची रूपे दिली गेली: आठवणे, समजणे, वापरणे आणि पुढे. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, कोणत्या प्रकारचे ज्ञान आणि त्या ज्ञानाचे काय करायचे, या दोन बाजू तेथे वेगळ्या काढण्यात आल्या. एका बाजूला नाम, दुसऱ्या बाजूला क्रियापद. जगभरच्या अभ्यासक्रमांना आधार झालेल्या वर्गीकरणाला ही वाटणी करायला ४५ वर्षे लागली. मग एखाद्या पेढीच्या तक्त्यात ती राहून गेली असल्यास नवल नाही.

नुकसान कोणाचे?

समजा, एका घाऊक कापड पेढीला हिशेबनीस हवा आहे आणि तिच्यासमोर उमेदवारांचा असा साफ केलेला तक्ता आहे. पहिल्या तरुणाने ‘जीएसटी’ असे लिहिले होते. त्याने दोन दिवसांची कार्यशाळा ऐकली होती आणि तेवढेच त्याला म्हणायचे होते. तक्ता करणाऱ्याने त्याचे ‘जीएसटी विवरणपत्रे भरता येतात’ असे केले. दुसरी उमेदवार सहा वर्षे वडिलांच्या दुकानाचा रोजमेळ लिहिते. दरमहा खरेदीची बिले पोर्टलवरील विवरणाशी ताडून पाहणे हे तिचे काम. तिच्यापाशी प्रमाणपत्र नाही, म्हणून तिचा रकाना रिकामा ठेवला गेला. पेढीने तक्त्यात ‘जीएसटी’ हा शब्द शोधला. पहिला दिसला, दुसरी दिसलीच नाही.

पहिल्याची नेमणूक होते. मासिक जीएसटीआर-३बी विवरणपत्राची मुदत पुढील महिन्याच्या २० तारखेची. ती चुकली की कर देणे असलेल्या व्यापाऱ्याला दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर वार्षिक १८ टक्के व्याज. त्याहून मोठा फटका खरेदीवरील कराच्या वजावटीत बसतो. १ जानेवारी २०२२ पासून पुरवठादाराची बिले जीएसटीआर-२बी या विवरणात दिसल्याखेरीज त्यांच्यावरील कराची वजावट मिळत नाही. हे दरमहा ताडून पाहणारा हिशेबनीस नसेल, तर व्यापाऱ्याच्या खिशातून हक्काची रक्कम जाते.

पेढीचे हे नुकसान आकड्यांत मोजता येते. उरलेल्या दोघांचे मोजता येत नाही. तो तरुण खोटारडा ठरतो. आपण असा दावा केलाच नव्हता, हे त्याला कोणाला पटवून देता येत नाही, कारण मूळ अर्ज कोणी पाहत नाही आणि तक्ता सर्वजण पाहतात. बाजार लहान असतो. ‘त्याला काही येत नाही’ हे वाक्य एका पेढीवरून दुसऱ्या पेढीवर जायला आठवडा पुरतो. आणि जिला काम येत होते, तिला तर आपण कोठे नाकारलो गेलो याचाही पत्ता लागत नाही. यादी करणाऱ्याने दोघांपैकी कोणाचेही वाईट चिंतलेले नव्हते. त्याने केवळ दोन जातींच्या गोष्टी एकाच रकान्यात ठेवल्या होत्या.

दुसऱ्या बाजूची चूकही तितकीच घातक असते. हिऱ्यांच्या कार्यालयात पंधरा वर्षे पुड्या उघडून रंग आणि शुद्धतेनुसार प्रतवारी करणाऱ्या कारागिराची नोंद ‘हिरे’ एवढ्या शब्दात उरकली जाते. त्याच्या हातातील आणि नजरेतील क्षमता एका विषयात संकुचित होते. अशा लोकांसाठीच पूर्वी मिळवलेल्या कौशल्याची तपासणी करून प्रमाणपत्र देण्याची पद्धत आहे. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल विकास योजनेतही तिला स्थान मिळाले. परंतु तपासणीपर्यंत पोचायचे, तर आधी नोंदीत ती क्षमता क्षमता म्हणून दिसली पाहिजे.

नोंदी करताना

हे काम हाती घेणाऱ्या पेढीने किंवा समितीने कोणता क्रम ठेवावा?

१. मूळ शब्द जपावेत. उमेदवाराने किंवा संस्थेने जे लिहिले ते एका स्वतंत्र रकान्यात जसेच्या तसे ठेवावे. त्यावर हात फिरवू नये. सुधारलेली नोंद तिच्या शेजारी येईल, तिच्या जागी नव्हे.

२. विषय, शिकवलेली क्षमता आणि तपासलेली क्षमता असे तीन रकाने करावेत. शंका असेल तेव्हा नोंद विषयाच्या रकान्यात जाते. खालच्या पायरीवर ठेवलेली नोंद पुढे वर नेता येते. वर नेलेली नोंद खाली आणताना कोणाची तरी मानहानी होते.

३. क्षमतेच्या रकान्यात नोंद नेण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा: ‘हे करून दाखव’ असे म्हणता येईल काय? ‘बँक जुळवणी पत्रक करून दाखव’ असे म्हणता येते. ‘लेखाशास्त्र करून दाखव’ असे म्हणता येत नाही.

४. दुसरा प्रश्न पुराव्याचा. तपासणी कशी झाली? केवळ हजेरी, बहुपर्यायी प्रश्न, लेखी परीक्षा, की प्रत्यक्ष काम? हे प्रमाणपत्रावर नसेल, तर संस्थेच्या अभ्यासक्रम-पत्रिकेत सापडते. तेथेही नसेल, तर फोन करून विचारावे. हजेरीच्या प्रमाणपत्रावरून विषयापलीकडे काहीही लिहू नये.

५. तारीख लिहावी. जीएसटी १ जुलै २०१७ रोजी लागू झाला, जीएसटीआर-२बी २०२० साली आले आणि ई-इनव्हॉइस त्याच वर्षी १ ऑक्टोबरला सुरू झाले. २०१८ च्या प्रमाणपत्रात या दोन्ही गोष्टी असूच शकत नाहीत. विषयाचे नाव तेच राहते, पण त्याच्या आतले काम बदलून जाते. काही प्रमाणपत्रांवर मुदतही असते. म्युच्युअल फंड वितरकांसाठी एन.आय.एस.एम.ची जी परीक्षा आहे, तिच्या प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची असते.

६. न कळणाऱ्या नोंदींसाठी सस्पेन्स खाते ठेवावे. ‘व्यवस्थापन’, ‘व्यक्तिमत्त्व विकास’, ‘संगणक’ अशा नोंदींचा उलगडा होईपर्यंत त्या तेथे राहाव्यात. मात्र कोणतेही सस्पेन्स खाते वर्षानुवर्षे उघडे राहू देऊ नये. ठरावीक दिवशी ते उघडून प्रत्येक नोंदीची चौकशी करावी.

७. दोघांनी स्वतंत्रपणे वर्गवारी करावी आणि नंतर ताडून पाहावी. जेथे दोघांचे मत निराळे पडते, तेथेच बहुधा मूळ नोंद संदिग्ध असते. अशा वेळी आपसांत वाद घालण्यापेक्षा ज्याची नोंद आहे त्यालाच विचारणे उत्तम.

८. प्रमाणपत्र नसलेल्या क्षमतेलाही जागा द्यावी. ती कोठे, किती काळ वापरली आणि कोण पाहिले आहे, हे लिहावे. ‘तपासलेली’ असे म्हणू नये. ‘कामातून सांगितलेली’ असा शेरा पुरेसा आहे. रिकाम्या रकान्यापेक्षा प्रामाणिक शेरा केव्हाही बरा.

या क्रमाने वर दिलेल्या उदाहरणातील दोन नोंदी कशा दिसल्या असत्या? तरुणाच्या विषयाच्या रकान्यात ‘जीएसटी, दोन दिवसांची कार्यशाळा, हजेरी’ एवढे आले असते आणि क्षमतेचे रकाने रिकामे राहिले असते. मुलीच्या नावापुढे ‘खरेदी नोंदवही आणि जीएसटीआर-२बी दरमहा जुळवून फरकांची यादी करते, सहा वर्षे, कौटुंबिक दुकान, कामातून सांगितलेली’ असे आले असते. पेढीने दोघांनाही बोलावले असते. मुलीला एका महिन्याची बिले देऊन ती जुळवून दाखवायला सांगितले असते. तरुणाला शिकाऊ म्हणून घ्यायचे की नाही, याचा विचार माहितीनिशी झाला असता. कोणाचीही अब्रू गेली नसती.

घरातील फाईलही पाहावी

आता हा प्रश्न पेढीपुरता राहिलेला नाही. डिजिलॉकर २०१५ साली सुरू झाले. शैक्षणिक श्रेयांकांची बँक स्थापन करण्याचे नियम विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ साली काढले. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार शिकण्याच्या ३० तासांना एक श्रेयांक आणि वर्षाच्या १,२०० तासांना ४० श्रेयांक धरले जातात. विद्यार्थ्याने केलेला अभ्यास बँकेतील ठेवीसारखा जमा राहील आणि एका संस्थेतून दुसरीत नेता येईल, ही सोय मोठीच आहे. तथापि ठेवीच्या पासबुकावरून खातेदाराची शिल्लक कळते, त्याला व्यापार करता येतो की नाही ते कळत नाही. श्रेयांक किती अभ्यास कोणत्या पातळीवर पूर्ण झाला ते सांगतो. कोणते काम जमते, हे निराळे लिहावे लागते.

म्हणून आईवडिलांनी सुट्टीच्या एखाद्या दिवशी मुलांसह ती तिसरी फाईल काढून बसावे. प्रत्येक प्रमाणपत्रापुढे दोन ओळी लिहाव्यात. पहिल्या ओळीत ‘यात काय शिकवले’ आणि दुसऱ्या ओळीत ‘यामुळे काय करता येऊ लागले’. काही प्रमाणपत्रांपुढे दुसरी ओळ सहज लिहिली जाईल. काहींपुढे ती कोरी राहील. कोरी राहिली म्हणून मुलांना बोल लावण्याचे कारण नाही. पैसे भरताना ती ओळ कोणी विचारलीच नव्हती. पुढच्या अभ्यासक्रमाचे शुल्क भरण्यापूर्वी मात्र ती विचारता येईल. माहितीपत्रकात केवळ विषयांची लांबलचक यादी असेल, तर संस्थेला विचारावे: शेवटी विद्यार्थी काय करून दाखवील आणि ते कोण तपासणार? ज्या संस्थेपाशी उत्तर असते, ती ते आनंदाने देते.

आणि दुसऱ्याच्या नोंदी ज्यांच्या हाती येतात, त्यांनी एवढे स्मरणात ठेवावे की त्या तक्त्यातील प्रत्येक ओळ ही कोणाची तरी पत आहे. ती फुगवण्याचा अधिकार यादी करणाऱ्याला नाही आणि घटवण्याचाही नाही. जे शिकवले ते विषयात लिहावे, जे करून दाखवले ते क्षमतेत लिहावे, आणि जे ठाऊक नाही ते विचारून घेईपर्यंत कोरे ठेवावे.